चाळीस नंबरचं दुपटं

आमची खोली चाळीस नंबरची. परळला, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून आठवी. या चाळिसाला दुसरा काही अर्थ असेल, अशी शंका मला तोपर्यंत कधी आली नव्हती. आकडा म्हणजे आकडा. शेळीला चार पाय आणि आमच्या खोलीला चाळीस नंबर, इतकं ते सरळ होतं.

सगळं सुरू झालं दुपट्यापासून. चिमीसाठी माझ्या आईने गिरगावाहून ते शिवून पाठवलं होतं. आईचं जांभळं इरकल, वीस वर्षं नेसून नेसून लोण्यासारखं झालेलं, दुहेरी करून बारीक टाके घातलेलं. चिमी आठ महिन्यांची. तिला झोपायला आई नको, बाप नको, अंगाई तर अजिबात नको, दुपटं हवं. ते हातात आलं की दहा मिनिटांत डोळे मिटायचे आणि मला दीड तास मिळायचा. त्या दीड तासात मी केस विंचरायचे, डाळ शिजवायचे, आणि उरलेल्या वेळात वहीत चार ओळी लिहायचे. थोडक्यात, माझं सगळं माणूसपण त्या दुपट्यावर टांगलेलं होतं. आणि दुपटं टांगलेलं होतं गॅलरीतल्या दोरीवर, जिथे मजल्यावरच्या सात तान्ह्या मुलांचे कपडे वाळायचे.

एकदा ते चुकून पस्तीस नंबरच्या बाळाच्या अंगाखाली गेलं. दोन दिवसांनी सापडलं. त्या दोन दिवसांत चिमीने जे केलं त्याला रडणं म्हणणं म्हणजे गिरणीच्या भोंग्याला शीळ म्हणणं. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, दुपट्याच्या काठावर, मधोमध, खोलीचा नंबर भरायचा. लाल दोऱ्याने, ठसठशीत. अर्ध्या तासाचं काम.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गिरण्यांच्या संपाला अकरावा महिना लागला होता. एरवी आमच्या गॅलरीत सल्ला तीन पाळ्यांत मिळायचा. पहिल्या पाळीचे लोक आले की दुसऱ्या पाळीचे गेलेले, तिसऱ्या पाळीचे झोपलेले. आता तिन्ही पाळ्या एकदम घरी. मी सुईत दोरा ओवला आणि मान वर केली तर माझ्याभोवती सहा माणसं उभी.

त्यात पुढे होते बेचाळीस नंबरचे विठोबा. एकोणतीस वर्षं गिरणीच्या सूतखात्यात काढलेली. अकरा महिने हाताला सूत नाही. त्यांनी दुपट्याचा कोपरा अंगठा आणि बोटात धरला, डोळे मिटले.

"वहिनी, काय लिवताय यावर?"

"चाळीस."

"चूक हाय."

"अहो, खोलीचा नंबर आहे."

"खोलीचा असंल. पण सूत साठ नंबरचं हाय, बारीक. साठच्या सुतावर चाळीस लिवायचं म्हंजे लबाडी झाली. उद्या कुणी बघितलं तर म्हणंल, या चाळीत सूत कळणारं माणूस ऱ्हात न्हाई."

मी म्हटलं, दुपटं विकायचं नाही, ओलं करायचं आहे. पण त्यांना ते पटलं नाही. शेवटी "निदान शेजारी बारीक अक्षरात साठ तरी घाला" इथवर ते खाली आले.

शेजारच्या एकोणचाळीस नंबरच्या गंगुबाई मालवणच्या. सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गो बाय, चेडवाच्या कपड्यार आकडो कित्याक काढतंस? तुरुंगात धाडतंस की काय तेका?" आणि मग जरा वेळाने, तांदळाकडे बघत, अगदी सहज, "पण चाळीसच कित्याक? स्वप्नात बिप्नात इलो?"

मला त्या प्रश्नातलं काही कळलं नाही. मी म्हटलं, दारावर आहे म्हणून. गंगुबाईंनी माझ्या दाराकडे असं बघितलं, जसं काही ते दार त्यांना आजच दिसलं.

आमचे हे, म्हणजे हेमचंद्र, विमा कचेरीत कारकून. संध्याकाळी आल्यावर त्यांनी दुपटं दिव्याखाली धरून पाहिलं आणि म्हणाले, "आठ महिन्यांत चाळिशी लागली का हिला?" विनोद ते वर्षातून एकदा करतात, मी हसले. चाळीसमधलं शून्य मी फार मन लावून भरलं होतं. दाट टाके, गोल, उठावदार, बोटाला लागणारं. आणि चिमीने त्याच रात्री दुपट्याचं जुनं टोक चोखायचं सोडून शून्यावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. एक फेरी, दुसरी फेरी, तिसऱ्या फेरीला झोप. दहा मिनिटांची चार मिनिटं झाली. मला वाटलं, मी शोध लावला.

त्यानंतरचे पंधरा दिवस सुखाचे गेले. फक्त गंगुबाई रोज सकाळी विचारायच्या, "आज दुपटा वाळत घालूचा नाय?" आणि घातलं की खाली जाऊन रस्त्यावरून एकदा वर बघून यायच्या. त्यांची माया आहे, असं मी समजले.

मग एका शुक्रवारी दुपटं गेलं.

सकाळी नऊला दोरीवर होतं, दहाला नव्हतं. मी बाकीची सहाही घरं पालथी घातली. सगळ्या बायकांनी आपापली बाळं उलटी करून दाखवली. कुणाच्याही खाली आमचं इरकल नव्हतं. चिमी जागी झाली, हात पुढे केला, हातात काहीच आलं नाही. पुढची हकिगत सांगत नाही. विठोबा म्हणाले, "भोंगा चालू झाला. संप मिटला का काय?" एवढंच.

गंगुबाई माझ्यापेक्षा जास्त घाबऱ्या झाल्या होत्या. "आता मी काय बघूचा?" असं काहीसं पुटपुटत होत्या. खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "वाऱ्यान खाली पडला ना गो ता. परटाच्या गाठोड्यार. माका वाटला तूच इस्त्रीक टाकलंस."

"तिसऱ्या मजल्यावरून?"

"तुमी शिकलेली माणसा. माका काय ठावक."

मी चिमीला कमरेवर घेतलं आणि नाक्यावरच्या रामचंद्र परटाकडे गेले. रामचंद्र इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडत होता. त्याला सगळं आठवत होतं. तो आठवण ठेवणाऱ्या माणसांपैकी आहे, हेच माझं दुर्दैव.

"चाळीस नंबर ना? लाल. दिलं की पोचतं करून."

"कुठे?"

"चाळीस नंबरच्या गिऱ्हाइकाला." त्याने कपाटाच्या दाराआतली यादी दाखवली. प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर, तोच तो बिब्ब्याच्या शाईने कपड्याच्या कोपऱ्यात घालायचा. एकोणचाळीस, दातांचे डॉक्टर. एकेचाळीस, धान्याचं दुकान. चाळीस, पुढच्या गल्लीतलं प्रसूतिगृह.

"अरे, पण तू बिब्ब्याने नंबर घालतोस. हा लाल दोऱ्याचा होता."

"तेच म्हटलं मी घरी. म्हटलं, प्रसूतिगृहाची सुधारणा झाली. दोऱ्याने नंबर घालायला लागले." मग जरा दुखावून म्हणाला, "आणि ताई, लहान लेकराचं कापड, वर चाळीस. मी ते काय दातांच्या डॉक्टरला देऊ?"

 त्या दिवशी भेटलेलं एकही माणूस लबाड नव्हतं. सगळे सरळ, सगळे चोख, प्रत्येकाने आपल्या चाळिसाचं काम नीट केलेलं. मध्ये एखादा चोर भेटला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती.

प्रसूतिगृहाच्या खिडकीत एक कारकून होते. चिमी रडत होती, त्यामुळे आमचं बोलणं बरंच वरच्या पट्टीत झालं.

"हरवलेलं आहे," मी म्हटलं. "दुपटं."

"कुठे हरवलं?"

"आमच्या चाळीत."

"मग चाळीत नोंद करा. इथे हरवलेल्याची नोंद इथे होते."

"हरवलं तिथे, पण आलं इथे."

"म्हणजे इथे ते हरवलेलं नाही, आलेलं आहे. आलेल्या मालाची नोंद मागच्या दाराला." त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "काही नंबर आहे का?"

"चाळीस."

त्यांचा चेहरा उजळला. आकडा ऐकला की उजळणारी माणसं मी माहेरीही पाहिली आहेत. माझे वडील खजिन्यात होते. कारकुनांनी मोठं रजिस्टर उघडलं. "चाळीस म्हणजे खाट. वरचा मजला, खिडकीशी. पेशंट आज सकाळीच घरी गेली. मुलगा. सहा पौंड."

"आणि दुपटं?"

"ते रजिस्टरमध्ये नसतं."

"मग पेशंटचा पत्ता द्या."

"नातेवाइकांशिवाय पत्ता देता येत नाही. आपण बाळाच्या कोण?"

मला आजही कळत नाही, मी असं का बोलले. दोन तास खांद्यावर भोंगा असला की माणूस कायद्याच्या पलीकडे जातं. मी म्हटलं, "आत्या."

"कुणाची?"

"चाळीस नंबरच्या बाळाची."

त्यांनी लिहिलं. शाईने. 'नातं: आत्या.' माझी सही घेतली. मी कधी रेशनकार्डावर साखरसुद्धा जास्त मागितलेली नाही; आणि इथे एका न पाहिलेल्या माणसाची बहीण होऊन बसले.

एवढ्यात मागे उभी असलेली आयाबाई पुढे आली. कमलाबाई. घरी निघायच्या तयारीत, हातात पिशवी. "आत्या व्हय? बरं झालं. अवो, ते दुपटं मीच देऊन आले की, दुपारच्याला जेवायला गेले तवा. परटाकडनं आलं, बघते तर चाळीस. म्हटलं, मंजुळा विसरून गेली. मी ऱ्हायला तिच्याच बाजूला, वरळी कोळीवाड्यात. चला, मी घर दाखवते."

बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. बसचा नंबर मी मुद्दाम पाहिला नाही.

कोळीवाड्याच्या बोळात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. दोन्ही बाजूंनी बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून. पाहून मला आमची गॅलरीच आठवली. चिमी वास येताच रडायची थांबली आणि नाक फेंदारून बघू लागली. कमलाबाई पुढे, वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर जाहीर करत: "जगनची भन आलीय. मंजुळाच्या पोराची आत्या." घरापर्यंत पोचेतो अख्ख्या बोळाला मी आत्या झाले होते.

दारात जगनची आई, म्हणजे मंजुळाची सासू, शांतीबाई बसली होती. जाळ्याला गाठ मारता मारता तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जगन्याला चार भनी हायेत," ती म्हणाली. "चारी मी जनल्या. ही पाचवी कवा झाली गो मला?"

कमलाबाई म्हणाली, "कागदावर लिवलंय."

"कागदावर हाय तर असंल. मी तवा कामात व्हते वाटतं. ये, बस."

मी बसले आणि सगळं खरं सांगून टाकलं. खोली, दोरा, विठोबा, वारा, परीट, खाट. शांतीबाई ऐकत होती. माझं झालं तेव्हा तिने समुद्राकडे हात केला. "त्या काठाला आमची व्होडी लागते. तिच्यावर आकडा काय हाय म्हाईत हाय? चाळीस. बाप दर्यात, आन् पोराला बापाच्या व्होडीच्या आकड्याचं कापड आलं. कोन पाठवलं म्हनून मगासपासनं इचार करतंय. तर तू."

"मी नाही हो पाठवलं. ते आलं."

"तेच ना. पाठवलेलं कापड परत जातं. आलेलं जात नाय."

दुपटं आत होतं. जमिनीवर गोधडी, गोधडीवर आईचं जांभळं इरकल, त्याच्या चारवर सहा पौंडांचा चाळीस नंबर मूठ आवळून झोपलेला. शेजारी त्याची आई मंजुळा, एकोणीस-वीस वर्षांची, डोळ्यांखाली माझ्याच डोळ्यांखाली असतात तशी वर्तुळं.

"घरात पयल्यांदा ज्या कापडावर निजवलं," शांतीबाई म्हणाली, "ते बारशापत्तुर अंगाखालनं काढीत नाय आमच्यात. जुनं, दुसऱ्या धडधाकट लेकरानं वापरलेलं, ते तर लयच चांगलं. आन् तू स्वता सही केलीस आत्या म्हनून. आत्या देते गो. आत्या नेताना कुनी बघितलीय?"

मी चिमीला खाली ठेवलं, कारण माझे हात भरून आले होते. काय करावं सुचेना. ते कापड माझं होतं, माझ्या आईचं होतं. त्याच्याशिवाय मला झोप नव्हती, चिमीला झोप नव्हती. पण त्याच्यावर पाच दिवसांचं पोर होतं. ओढून काढायचं म्हटलं तरी कुठून धरायचं?

चिमीने वाट पाहिली नाही. ती रांगत गेली, दुपट्याचा काठ ओळखला, शून्यावर अंगठा ठेवला. एक फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला ती तिथेच कलंडली. चारवर तो, शून्यावर ही.

 शांतीबाईने बाहेर ओरडणाऱ्या कुणाला तरी हातानेच गप्प केलं. मंजुळाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींच्याही मनात एकच हिशेब चालू होता, की आता निदान तासभर मिळाला.

त्या तासात मला जेवायला वाढलं. हेमचंद्रांच्या घरी मासे चालत नाहीत. माझ्या माहेरी चालतात, आणि त्या वेळी मी माहेरीच होते. कागदावर तसं होतं. दोन वर्षांनी मी ताजे बोंबील खाल्ले. मंजुळा जेवता जेवता कुजबुजली, "ताई, ह्यो रात्रभर जागा व्हता दवाखान्यात. ह्याच्यावर ठेवला तर निजला."

"मऊ आहे ना. माझ्या आईची वीस वर्षं आहेत त्यात."

ती उठली, फळीवरची कात्री आणली आणि माझ्यासमोर ठेवली. सासूकडे बघून म्हणाली, "काढायचं नाय म्हनता ना? मग नाय काढत. अर्धं ऱ्हाईल अंगाखाली."

शांतीबाईने बराच विचार केला. कायद्यात बसतं का ते पाहिलं. बसलं. मग म्हणाली, "कापा. पन चार आमाला. शून्य पोराच्या अंगाखाली बरा दिसत नाय. जल्माची सुरुवात हाय त्याची."

मला शून्यच हवं होतं. पण मी गिरगावची आहे. मी उसासा टाकला. म्हटलं, "ठीक आहे. लहान आहे तो. मी घेते शून्य." आणि मोठ्या मनाच्या बाईसारखी खाली पाहत बसले. शांतीबाईला माझी दया आली. तिने वर सुके बोंबील बांधून दिले.

कात्री मीच चालवली, दोन झोपलेल्या पोरांच्या मधून. चार आणि शून्य यांच्यामध्ये दोन बोटं जागा सोडली होती, ती बरी कामाला आली. आईचे टाके कटकट तुटत होते, तेव्हा मला जरा कसंतरी झालं. नंतर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी चौघींना एका लुगड्यात वाढवलंय. फाडल्याशिवाय लुगडं पुरतं का?"

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा हेमचंद्र दारातच होते. त्यांनी चिमी पाहिली, शून्य पाहिलं, मग माझ्याकडे जरा जवळून पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले.  पिशवी तेवढी दोन बोटांत धरून गॅलरीत नेऊन ठेवली. तिथून ती गंगुबाईंनी नेली. पाच मिनिटांनी त्यांच्या स्टोव्हचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी अर्धं दुपटं दोरीवर आलं. काठ मी रात्रीच दुमडून शिवला होता. विठोबा आले, अंगठा आणि बोटात धरलं, डोळे मिटले, उघडले.

"वहिनी, आता शून्य?"

"शून्य."

मी म्हटलं, म्हणा आता, लबाडी झाली म्हणून. त्यांनी कापड हळूच सरळ केलं, दोरीवर परत टाकलं. "न्हाई, आता बरोबर हाय. अकरा महिनं सगळ्या गिरण्यांत मिळून शून्य नंबरचंच सूत निघतंय." आणि स्वतःच खूप हसले, गॅलरीतले सगळे हसले. मीही हसले, पण विठोबा आपल्या खोलीत गेल्यावर ते हसू मला फार वेळ पुरलं नाही.

गंगुबाई मागून आल्या. कानाशी लागून म्हणाल्या, "बाय गो, खरा सांग. शून्य ओपनाक धरूचा की क्लोजाक?"

तेव्हा मला कळलं की पंधरा दिवस माझ्या लेकीच्या दुपट्यावर मटका चालला होता. मी रागावले. म्हटलं, एकदा तरी लागला का तुमचा चाळीस? त्या म्हणाल्या, "नाय. म्हणान तर अर्धो करून आणलंस तां बरा झाला. एक तरी लागात."

आठवड्याने कोळीवाड्यातून कमलाबाई निरोप घेऊन आली. बारसं आहे, आत्याने नाव ठेवायचं असतं, बोलावलंय. हेमचंद्र म्हणाले, "जायलाच हवं. सही केली आहेस." ते स्वतः मात्र आले नाहीत, त्यांना म्हणे त्या दिवशी कचेरीत आवक-जावक होती.

आत्या म्हटलं की कुंची हवी. मी आईकडून इरकलाचा उरलेला पदर मागवला आणि सुंदर कुंची शिवली. लेस लावली, मोती लावले. नंबर घातला नाही. या जन्मात कपड्यावर आकडा काढायचा नाही, अशी मी शपथ घेतली होती.

पाळण्याशी उभं राहून मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. त्याचं नाव गुणवंत. बोळातले सगळे मात्र त्याला चाळीस्या म्हणतात, आणि म्हणणारच. मग कुंची दिली. शांतीबाईने ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आतला काठ चाचपला. मोत्यांकडे तिचं लक्षच नव्हतं.

"काय गो? आकडा कुठं?"

"नाही घातला."

"मग हरवली तर आमी ओळखायची कशी?" ती म्हणाली. "परत कुनी कशी आणायची?"

तिने माझ्या हातात सुई दिली. दोरा लाल होता. चिमी तिच्या शून्यावर झोपलेली होती, तास-दीड तास माझ्या हाताशी होता. मी मांडी घालून बसले आणि चार काढायला घेतला.